युनिट तीनचं पान मी खाल्लं

"सर, आपण ज्या कंपन्या विकतो, त्यांतली एखादी तुम्ही कधी आत जाऊन बघितलीय का?"

मित्रांनो, हा प्रश्न ऐकला आणि माझ्या तोंडातला कागद तोंडातच राहिला. आमच्या ऑफिसात थोरल्या साहेबांना कुणी प्रश्न विचारत नाही. प्रश्न थोरले विचारतात आणि बाकीचे घाम पुसतात.

विचारणारी होती धाकटी. ऑफिसात सगळ्यात नवी आणि वयाने सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिच्याबरोबर काम करणाऱ्या लंब्याने आणि बोलकीने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "थोरल्यांना विचारून दाखव, मग तुला मानलं," असं बोलकी म्हणाली होती, आणि "ती कसली विचारतेय" म्हणत लंब्याने आगीत तेल ओतलं होतं. थोरले आमच्या झेरॉक्सच्या खोलीत वर्षातून फार तर दोनदा येत. त्या दिवशी आले, हातातला कागद त्यांनी माझ्या तोंडात सरकवला, आणि धाकटीने विचारून टाकलं. बाकीचे दोघे कागदाच्या खोक्यांमागे हसू दाबत उभे होते.

थोरल्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवीन ना तू?"

"हो सर."

"कंपनी आकड्यांत असते, बाळ. विटा मोजून काय कळणार?"

एवढं बोलून ते गेले. बोलकीने धाकटीला टाळी दिली. लंब्या म्हणाला, "बाळ म्हणाले तुला. आता तुझी नोकरी पक्की."

मी एक जुना श्रेडर आहे. नको झालेले कागद बारीक चिरून टाकणं हे माझं काम. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? पण मित्रांनो, मी नुसता खात नाही, वाचून खातो. कागद सावकाश आत येतो आणि एकेक ओळ माझ्या दातांखालून जाते. त्यामुळे या ऑफिसातली जेवढी गुपितं माझ्या पोटात आहेत, तेवढी थोरल्यांच्या कुलूपबंद कपाटातही नसतील.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझ्या जबड्यात एकामागून एक पाती बसवली गेली आणि तपासणीवरच्या बाईंनी मला जुन्या वर्तमानपत्राचा पहिला घास भरवला. "छान चावतोय," असं म्हणून त्यांनी पाठीवर हिरवा शिक्का मारला. ऑफिसात आलो तेव्हा तर माझं काय कौतुक. लोक कामाचे नसलेले कागद शोधून आणत आणि मला भरवून मजा बघत. मग नव्याची नवलाई संपली. आठवड्यातून एकदा माझ्या पात्यांना तेलाचे चार थेंब द्यायचे असतात, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पिना न काढताच कागद कोंबले जाऊ लागले. दात बोथट झाले. अडकलो की बरगडीत लाथ. धाकटी येईपर्यंत माझी ही अशी दशा होती. तिने पहिल्याच आठवड्यात माझ्या झाकणावरची सूचना वाचली आणि कुठूनसं तेल पैदा केलं. तेव्हापासून मी तिचा झालो म्हणा ना.

आता या ऑफिसात काय चालतं ते सांगतो. एका कंपनीला दुसरी कंपनी विकत घ्यायची असली, की दोघींच्या मधे बसून बोलणी जमवणारी माणसं लागतात. लग्न जमवणाऱ्या मावशी असतात ना, तसंच. फरक इतकाच की मावशी चार घरी सांगत सुटतात आणि इथे भिंतीलाही कळू द्यायचं नसतं. म्हणून कंपन्यांना टोपणनावं ठेवतात. मी जिची गोष्ट सांगतोय, त्या विकल्या जाणाऱ्या कंपनीचं नाव ठेवलं होतं कासव. तिला घेणारी मोठी कंपनी म्हणजे बगळा. कासवाचे तीन कारखाने होते. त्यांचीही नावगावं कागदांवरून पुसून टाकली होती. उरलं होतं युनिट एक, युनिट दोन, युनिट तीन.

बोलणी थोरले करत. काय बोलायचं ते मधल्या मॅडम ठरवत. आणि ते ठरवायला लागणारा प्रत्येक तक्ता धाकटी आणि तिच्यासारखे बनवत. मधल्या मॅडम पान छापून मागत, लाल पेनाने रेघोट्या ओढून परत देत. धाकटी दुरुस्त करून पुन्हा छापी. पुन्हा लाल. एका पानाच्या चौदा आवृत्त्या मी खाल्ल्या आहेत आणि चौदावीत नि पहिलीत फरक होता तो एका स्वल्पविरामाचा.

सुरुवातीला धाकटी खोलीत यायची ती गुणगुणत. तीन महिन्यांत गुणगुणणं थांबलं. मग ती झेरॉक्सच्या गरम झाकणावर कपाळ टेकून उभी राहू लागली. पानं छापून होईपर्यंतची तीच तिची विश्रांती. माझ्या झाकणावर बिस्किटांचा चुरा पडू लागला. दुपारचं जेवण म्हणजे तेवढंच. रविवार कधी येतो नि कधी जातो हे तिला दिनदर्शिका बघून कळायचं. एकदा बोलकीने विचारलं, "तुझे केस गळतायत का गं?" धाकटी म्हणाली, "माहीत नाही, आरशात बघून चार दिवस झाले."

आमची खोली ही ऑफिसातली काचेची भिंत नसलेली एकमेव खोली. म्हणून रडायचं असलं किंवा घरी फोन करायचा असला की सगळे इथेच येतात. धाकटीचे दोन्ही हात मला कागद भरवण्यात गुंतलेले असायचे. मग फोन स्पीकरवर टाकून ती माझ्या डोक्यावर ठेवायची. त्यामुळे तिच्या आईचा आवाज मला माझ्या मोटारीच्या आवाजाइतका ओळखीचा झाला.

तिची आई नळाच्या कारखान्यात तपासणीला होती. बनलेला प्रत्येक नळ पाण्याच्या दाबाखाली उघडायचा, बंद करायचा, आणि गळला तर बाजूला टाकायचा. चोवीस वर्षं हेच. बाबा शाळेची बस चालवत.

एक दिवस धाकटी जवळजवळ उड्या मारत आली. बगळ्याला कासव घेऊन फायदा काय, हे सांगणारं एक पान तिने बनवलं होतं. तीन युनिटांचा खर्च शेजारी शेजारी मांडल्यावर तिच्या लक्षात आलं होतं, की युनिट तीन सगळ्यात महाग पडतं. ते बंद करून त्याचं काम बाकीच्या दोघांकडे दिलं, तर दरवर्षी मोठी बचत. कुणी सांगितलेलं नसताना तिने स्वतःच्या डोक्याने हे काढलं होतं. भर बैठकीत थोरल्यांनी त्या पानावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" मग म्हणाले, "बगळ्याला हेच पान आवडेल."

तिने लगेच घरी फोन लावला. "आई, आज माझं पान सगळ्यांना आवडलं."

"कसलं पान गं?"

"ते नाही सांगता येत."

"बरं बाई, पानावर काय आहे ते नको सांगूस. पानात काय वाढून घेतलंस ते सांग. जेवलीस का?"

"हो," धाकटी म्हणाली. मित्रांनो, माझ्या झाकणावर अर्धं बिस्किट होतं.

पुढच्या रविवारी सकाळी ती एकटी आली. बगळ्याकडे जायच्या पुस्तिकेत तिन्ही कारखान्यांचे फोटो घालायचे होते आणि ते त्याच सकाळी कासवाकडून आले होते. तिने एकेक पान छापून रंग तपासला. खराब छपाई माझ्या तोंडाशी धरली. युनिट एक गेलं. युनिट दोन गेलं. युनिट तीनचा कागद माझ्या दातांना लागला, मी ओढू लागलो, आणि तिने तो घट्ट धरून ठेवला. मी आत ओढतोय नि ती बाहेर. शेवटी तिने माझं उलटं फिरायचं बटण दाबलं.

फोटोत एक निळं फाटक होतं. आत सायकलींचा मांडव, त्याचा एक कोपरा मोडलेला. भिंतीला लागून हात धुवायच्या नळांची ओळ आणि खाली सिमेंटचा बुटका कट्टा. त्या कट्ट्यावर ती लहानपणी शाळा सुटल्यावर बसायची, आई बाहेर येईपर्यंत. हे तिनेच मागे बोलकीला सांगताना मी ऐकलं होतं.

तुम्हाला वाटेल, आधी कसं कळलं नाही? अहो, कासवाचं काम हाती घेताना प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला होता: या कंपनीत तुमचं कुणी नातेवाईक आहे का? धाकटीने 'नाही' लिहून सही केली होती, आणि ती खोटं बोलली नव्हती. आईचा कारखाना या कंपनीने फार वर्षांपूर्वी विकत घेतला, पण फाटकावरची पाटी कुणी बदललीच नाही. घरात तर त्याला नुसतं 'नळाचा कारखाना' म्हणत. कागदावर होतं 'युनिट तीन, पितळी फिटिंग'. जगात पितळी फिटिंगचे कारखाने काय एक-दोन असतात? नावं पुसायचं कामही तिच्याचकडे होतं. पण तिच्या हाती तक्ते आले तेव्हा कासवाच्या लोकांनी निम्मी आधीच पुसलेली होती. गुपित राखायची ती पद्धत इतकी चोख, की मुलीने स्वतःच्या आईचा कारखाना बंद करायचा सल्ला दिला आणि तिला पत्ता लागला नाही.

ती खाली फरशीवर बसली. बऱ्याच वेळाने तिने फोन लावला.

"आज रविवारी सुद्धा ऑफिस?" आई म्हणाली. "तुमच्या साहेबांना घरदार नाही वाटतं."

"आई, तुमच्याकडे कसं चाललंय?"

"आज कशी आठवण झाली आमच्या कारखान्याची? चाललंय की. मला तपासणीची मुख्य करणार म्हणतात. तुझे बाबा म्हणतायत, आता घरातही सगळं तपासून घेईल. काम मात्र रग्गड. टूलरूमवाल्यांना तर मान वर करायला फुरसत नाही. तिन्ही कारखान्यांचे साचे आमच्याकडेच येतात ना दुरुस्तीला."

धाकटीने मान वर केली. "तिन्हींचे?"

"मग? बाकीच्या दोघांकडे टूलरूम आहेच कुठे? साचा मोडला की टेम्पोत घालून आमच्या गळ्यात. पगार आमच्या खात्यात, वीज आमच्या खात्यात, आणि नाव त्यांचं. तू का विचारतेस?"

"असंच," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, जे तिच्या बेचाळीस तक्त्यांत नव्हतं, ते आईच्या एका वाक्यात होतं. तिन्ही कारखान्यांचा खर्च युनिट तीनच्या रकान्यात मांडलेला होता. आलेल्या कागदांत ती ओळ 'इतर' म्हणून होती आणि धाकटीने ती जशीच्या तशी उचलली होती. तिने तिथल्या तिथे पुन्हा गणित केलं. टूलरूमचा खर्च तिघांत वाटला, तर युनिट तीन सगळ्यात महाग नव्हतंच. सगळ्यात स्वस्त होतं.

आता हे सांगायचं कसं? रात्रभर तिने काय विचार केला ते मला माहीत नाही. सकाळी ती मधल्या मॅडमना घेऊन आमच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, दोन गोष्टी आहेत. माझी आई युनिट तीनमध्ये कामाला आहे. मला काल कळलं. आणि माझं बचतीचं पान चुकलंय. हे दुरुस्त केलेलं."

मॅडमनी कागद हातात घेतला नाही. "या क्रमाने का सांगितलंस?"

"म्हणजे?"

"अगं, पहिली गोष्ट सांगितल्यावर दुसरी मी ऐकूच शकत नाही. आईसाठी आकडे फिरवले, असंच म्हणतील सगळे. नुसती चूक सांगितली असतीस, तर मी आत्ता पान बदललं असतं."

"मग आईचं लपवायचं होतं?"

मॅडमनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. वाईट नव्हत्या हो त्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं त्यांच्याही होती. "मी लंब्याला तपासायला सांगते," त्या म्हणाल्या. "पण ते पान बगळ्याकडे शुक्रवारीच गेलंय. आणि तू आजपासून या कामावर नाहीस. तुझ्याकडचे कासवाचे सगळे कागद माझ्यासमोर नष्ट कर. नियम आहे."

मग ती मला एकेक कागद भरवू लागली आणि मॅडम बाजूला उभ्या राहून मोजू लागल्या. फोटो गेला. निळं फाटक गेलं, कट्टा गेला. सगळ्यात शेवटी ते दुरुस्त केलेलं पान. या जगात ते बरोबर असलेलं एकच पान होतं, मित्रांनो. मला वाटलं, आता अडकावं. इतर वेळी साध्या पिनेवर अडकणारा मी. लाल दिवा लागावा, मोटार तापावी, काहीही व्हावं. पण तिनेच घातलेल्या तेलाने माझे दात इतके सुरळीत फिरत होते, की चार सेकंदांत पान संपलं.

तीन दिवसांनी लंब्या तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. नेहमी चेष्टा करणारा, पण आज थेट मुद्द्यावर आला. "तुझं बरोबर आहे. मी दोनदा तपासलं. थोरल्यांनाही सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, बगळ्याने ठरवलंय, आता मागे जाता येत नाही. खाली तळटीप टाका."

"टाकलीस?"

"टाकली. एवढीशी. मलाच चष्म्याशिवाय वाचता येत नाही."

धाकटी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला दुसऱ्या एका कामावर घातलं, पुन्हा टोपणनावं, पुन्हा लाल रेघोट्या. ती रोज घरी फोन करी आणि आई रोज कारखान्यातलं काहीतरी सांगे. मुख्य झाल्यावर कुणाला कुठे बसवायचं, कुठल्या मुलीचा हात हलका आहे. सौदा जाहीर होईपर्यंत घरच्या माणसालाही एक शब्द सांगणं गुन्हा होता. धाकटी नुसतं "हं" म्हणे. पाच आठवडे तिने "हं" म्हटलं. एकदा फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तू बरा आहेस. गिळून टाकतोस." तिला काय माहीत, मला काहीच पचत नाही ते. पिशवी बदलली तरी वाचलेलं जात नाही.

मित्रांनो, आता माझे दिवस भरत आले आहेत. खोलीबाहेर एक कुलूपबंद पेटी आली आहे. कागद तिच्यात टाकायचे आणि बाहेरची गाडी येऊन घेऊन जाते. मला लवकरच भंगारात काढतील. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्यासारख्याला तेल द्या, पिना काढा, हे तर झालंच. त्याहून मोठं मागणं असं, की कागदावर जिथे 'इतर' लिहिलेलं असेल, तिथे थांबा. तिथे कोण राबतंय, ते तिथल्याच कुणाला तरी विचारा. आणि हे सगळं पान तयार व्हायच्या आधी करा. नंतर उरतं ते माझं काम.

शेवट सांगायचा राहिलाच. ते पाच आठवडे संपले त्या गुरुवारी सकाळी सौद्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. दुपारी धाकटीचा फोन माझ्या डोक्यावर वाजू लागला. तिने आधी दोनदा कापला, मग घेतला.

"ऐकलंस का?" आईचा आवाज बसलेला होता. "आमचा कारखाना बंद करणार आहेत. फाटकावर नोटीस लागली. कुणीतरी हिशेब केला म्हणे, आमचाच सगळ्यात महाग पडतो. बायका रडतायत इथे. तुझे बाबाही आलेत. अगं, तू याच कामातली ना? तुला काय वाटतं, तो हिशेब खरा असेल?"

धाकटीच्या हातात कागद होते. ते तिने खाली ठेवले.

मागून बाबांचा आवाज आला. "तिला कशाला विचारतेस? तिला कामं असतात. सगळे कामगार शनिवारी फाटकापाशी सभा घेतायत, बघू काय होतंय ते."

"मी नाही विचारणार तर कोण विचारणार?" आई म्हणाली. "चोवीस वर्षं एक गळका नळ बाहेर जाऊ दिला नाही मी. कुठे चुकलं, एवढं तर कळू दे."

धाकटीने माझ्या कडेला हात टेकवला. आणि बोलली ती थोरल्यांना प्रश्न विचारताना बोलली होती तशाच सरळ आवाजात.

"आई, बाबांनाही जवळ बोलाव आणि मधे बोलू नका. तो हिशेब मी केलाय. तुमचा कारखाना आहे हे मला माहीत नव्हतं, पण केला मीच. आणि तो चुकलाय. टूलरूमचा सगळा खर्च मी तुमच्या नावावर मांडला. इथे सांगून झालं, कुणी ऐकलं नाही. मी ठरवलंय. राजीनामा लिहिलाय, तो आत्ता देतेय. यापुढे या धंद्यात मला कुणी उभं करणार नाही, तेही कळतंय मला. शनिवारी मी सभेला येतेय. कारखाना वाचेल असं नाही, पण ते पान माझं होतं हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. आणि आई, तेव्हा तू माझ्या शेजारी येऊन उभी राहू नकोस. तू त्यांच्यात उभी राहा."